घाटातली दरड: जाळी मागवण्याआधी आणि जाळी लावल्यानंतर

इंदूरहून दक्षिणेला निघालेला कुठलाही रस्ता थोड्याच वेळात पठाराच्या काठावर येतो आणि निमाडात उतरायला लागतो. आग्रा–मुंबई रस्ता मानपूरच्या पुढे उतरतो, खंडव्याचा सिमरोलपुढच्या भेरूघाटातून, आणि महू–मंडलेश्वरचा अहिल्याबाईंच्या काळातल्या जाम दरवाजापाशी. मुंबईला जाणाऱ्याला पुढे सेंधव्याजवळ बिजासन घाट आणि शेवटी कसारा. सुट्टीत नाशिक-पुण्याला जाणाऱ्या इथल्या मराठी घरांना ही वळणं पाठ आहेत. पावसाळ्यात कुठे मान वाकवून कड्याकडे बघायचं तेही.

नोकरीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात घाटाचा एखादा तुकडा ज्याच्या गळ्यात पडतो, अशा तरुण अभियंत्यासाठी हा लेख आहे. ठेकेदाराच्या सुपरवायझरलाही उपयोगी पडेल. दरडीवर उपाय म्हटलं की हल्ली सगळ्यांना जाळी आठवते. जाळीशी माझं वैर नाही. पण होतं असं, की पहिल्या दिवशी जाळीचं दरपत्रक उघडतं आणि डोंगर बघायला कुणीतरी नंतर जातं. हा क्रम उलटा करायचा. आधी खडक, मग पाणी, मग धोका किती ते, मग दगडाची वाट आणि ताकद. उपाय त्यानंतर ठरतो. बऱ्याच ठिकाणी जाळी लागतच नाही, आणि जिथे लागते तिथे ती एकटी पुरत नाही.

खडक ओळखा

माळव्याचं पठार आणि सह्याद्री दोन्ही एकाच लाव्ह्याचे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक वाहत आलेल्या थरांचा हा बेसाल्ट, म्हणून आपले कडे पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात. घट्ट काळ्या बेसाल्टचा थर उभा राहतो. त्याखालचा सच्छिद्र, गारगोट्या भरलेला थर लवकर झिजतो. दोन थरांच्या मध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो, भूशास्त्रज्ञ त्याला रेड बोल म्हणतात. जाडी काही सेंटिमीटरपासून एक-दोन मीटरपर्यंत. आपल्याकडच्या घाटांत निम्मं भांडण या पट्ट्याशी आहे. पाणी लागलं की तो मऊ होतो, धुऊन जातो, आणि वरचा काळा थर बिनआधाराचा पुढे लोंबत राहतो. त्या थरात थंड होतानाच पडलेल्या उभ्या भेगा असतात. पायाखालचं गेलं की त्या भेगांच्या मापाचा आख्खा खांब पुढे कलंडतो.

हिमालयात थर तिरके असतात, त्यामुळे तिथे खडकाचा पत्रा तिरप्या पातळीवरून घसरतो. आपले थर जवळजवळ आडवे. म्हणून इथे घसरण्यापेक्षा कलंडणं आणि तळ पोखरून पडणं जास्त. तिकडची चित्रं आणि तिकडची गणितं जशीच्या तशी उचलून अहवालात टाकली, तर अहवाल जाड होतो, एवढंच. दोन भेगा एकमेकींना छेदून पाचर तयार झाली असेल तर ती मात्र इकडेही निसटते, म्हणून भेगांची दिशा आणि कल होकायंत्राने मोजायचाच.

तिसरी गोष्ट गोल धोंड्यांची. जुना बेसाल्ट कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतो आणि मधला टणक गाभा मुरमात रुतून राहतो. लांबून उतार मातीचा, निरुपद्रवी दिसतो. पावसाने मुरूम वाहिला की गाभा मोकळा, आणि गोल असल्याने तो लांब जातो.

प्रत्यक्ष काम असं करा. दरीच्या पलीकडच्या बाजूला किंवा वरच्या वळणावर उभं राहून, सकाळचं तिरकं ऊन असताना सगळ्या कड्याचे फोटो काढा. ड्रोन मिळाला तर उत्तमच, पण दुर्बिणीने बघण्याचा कंटाळा करू नका. ड्रोनचा फोटो नंतर ऑफिसात कुणी मोठा करून बघतच नाही असा अनुभव आहे. फोटोवर दर २० मीटरची साखळी, म्हणजे रस्त्यावरच्या अंतराची खूण, आखा आणि थर रंगवा: काळा, राखाडी, तांबडा. मग रस्त्यावरून चाला. कड्यावर फिकट, ताज्या रंगाचा चट्टा दिसला तर तिथून अलीकडेच काही निघालं आहे. डांबरावरचे खोलगट ठोके, बाजूच्या झाडांच्या बुंध्यांवरचे व्रण, वाकलेला क्रॅश बॅरिअर हे सगळं साखळीसह टिपा. गटारात पडलेले दगड हटवण्याआधी मोजा. सगळ्यात मोठा किती, नेहमीचा किती, किती टोकदार, किती गोल. पुढचं सगळं गणित या आकड्यावर उभं राहतं. हा आकडा फुकट मिळतो, आणि तरीही तो टेबलावर बसून अंदाजाने लिहिलेला सापडतो.

आणि विचारा. रस्ता झाडणाऱ्या गँगला, ढाबेवाल्याला, शेळ्या घेऊन वर जाणाऱ्या पोरांना. कुठल्या महिन्यात पडतं, रात्री की दिवसा, पाऊस चालू असताना की उघडल्यावर. पाऊस थांबून ऊन पडल्यावर येणारे दगड पुष्कळ असतात आणि लोक नेमके तेव्हाच निर्धास्त होतात.

माथ्यावर चढा, पाणी बघा

रस्त्यावर उभं राहून कड्याचं निदान करू नका. माथ्यावर जायलाच हवं.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात हात जाईल इतकी भेगाळते. कड्याच्या माथ्यावर ती असेल तर पहिल्या मोठ्या सरीचं पाणी वाहून न जाता थेट या भेगांतून खडकाच्या उभ्या भेगांत उतरतं. भेगेत साचलेलं पाणी खडकाला बाहेर ढकलतं. भेगेतल्या पाण्याची उंची दुप्पट झाली की हा रेटा चौपट होतो. इंदूरचा पाऊस वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आतबाहेर, खंडाळ्याला त्याच्या चौपटीच्या आसपास. म्हणून आपल्याकडे दरडी कमी पडतात, हे खरं. पण आपल्याकडे आठ महिने कोरडं, चार महिने ओलं, आणि ऊन-थंडीतली तफावतही मोठी. खडक दर वर्षी थोडाथोडा सैल होत जातो. खंडाळ्यासाठी केलेलं डिझाइन इथे उचलून आणायचं नाही, तसंच ‘इथे कुठे तेवढा पाऊस’ म्हणून निवांतही राहायचं नाही.

माथ्यावर तीन गोष्टी करायच्या. पहिली: कड्याच्या कडेपासून मागे, सुट्या पट्ट्याच्या पलीकडे, पाणी अडवून बाजूच्या नाल्यात सोडणारा चर. तो अस्तर लावलेलाच हवा. कच्चा खोदलेला चर म्हणजे भेगांना पाणी पाजायची सोय. त्यापेक्षा चर नसलेला बरा. दुसरी: कडेला समांतर भेगा दिसल्या तर चिकणमाती किंवा सिमेंटच्या गाऱ्याने बुजवायच्या आणि दोन्ही बाजूंना खुणेचे खिळे ठोकून अंतर लिहून ठेवायचं. महिन्याने टेपने पुन्हा मोजायचं. हजारो रुपयांचं यंत्र जे सांगेल त्यातलं बरंचसं हे दोन खिळे सांगतात. तिसरी: शेताचं पाणी, कुणाची फुटकी पाइपलाइन, गुरांसाठी केलेला डबका माथ्यालगत आहे का ते बघणं.

कड्याच्या अंगातून पाणी झिरपत असेल, आणि ते बहुधा तांबड्या पट्ट्याच्या वरच्या रेषेत झिरपतं, तर आडवी भोकं पाडून छिद्रांचे पीव्हीसी पाइप बसवा. भोक आतल्या दिशेने ५ ते १० अंश चढतं हवं, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. पाइपावर गाळणीचं कापड नसेल तर दोन पावसाळ्यांत तो मातीने भरतो.

पिंपळ-वडाची रोपं भेगेत दिसली की बोटाएवढी असतानाच मुळासकट काढायची. मोठं झाड मात्र घाईने तोडू नका. तोडलं की मुळं कुजतात आणि जी भेग मुळाने धरून ठेवली होती ती मोकळी होते. आधी खडक बांधा, मग झाडाचं ठरवा.

इथेच एक कागदी अडचण येते. रस्त्याची हद्द कड्याच्या पायथ्याशी किंवा मधे कुठेतरी संपते आणि माथा वनखात्याचा असतो. चर खणायचा तर परवानगी लागते, आणि तिला महिने जातात. म्हणून हे पत्र पहिल्याच आठवड्यात पाठवा, डिझाइन पूर्ण व्हायची वाट बघू नका.

कुठे आधी: धोक्याला गुण द्या

आठ किलोमीटरच्या घाटात सगळीकडे एकदम काम होत नाही. कुठून सुरुवात, हे वजनदार माणसाच्या फोनवर ठरू नये यासाठी गुणांची पद्धत आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याच्या महामार्ग विभागाने ती बसवली आणि नंतर बऱ्याच ठिकाणी थोड्याफार फरकाने उचलली गेली. कड्याची उंची, गटाराची दगड अडवण्याची क्षमता, कड्याखाली सरासरी किती गाड्या, पुढचं किती दिसतं, रस्त्याची रुंदी, खडकाची अवस्था, दगडाचा आकार, पाणी, आणि पूर्वी किती पडलं, अशा प्रत्येक बाबीला ३, ९, २७ किंवा ८१ गुण. तिप्पट-तिप्पट वाढ असल्यामुळे खरोखरचा वाईट तुकडा यादीत ठळक वर येतो. नाहीतर सगळ्यांना ५० ते ६० गुण पडतात आणि निर्णय पुन्हा फोनवरच होतो.

यातलं गाड्यांचं गणित सोपं आहे. समजा दिवसाला १२,००० वाहनं, धोक्याचा कडा ४०० मीटर लांब, वेग ताशी ४० किलोमीटर. तासाला ५०० वाहनं, गुणिले ०.४ किलोमीटर, भागिले ४०: उत्तर ५. म्हणजे कुठल्याही क्षणी त्या कड्याखाली सरासरी ५ वाहनं आहेतच. दगड पडला आणि खाली कुणी नव्हतं, हा तिथे नशिबाचा भाग. आता एखादा ट्रक चढावर बंद पडून जाम लागला असं धरा. त्याच ४०० मीटरमध्ये एका लेनमध्ये ३०-४० ट्रक उभे राहतात, तेही तासन्‌तास. हे सरासरीत दिसत नाही. म्हणून ज्या घाटात वारंवार जाम लागतो तिथे बंद गाड्या बाजूला घ्यायची जागा आणि क्रेन हाही दरडीवरचाच उपाय समजा. आणि भुट्टेवाले! पावसाळ्यात धबधबा दिसतो तिथेच रस्ता जरा रुंद असतो, तिथेच भुट्ट्यांच्या गाड्या लागतात, तिथेच कुटुंबं सेल्फी काढतात. वर बघितलं तर तो रुंदपणा कडा कापून केलेला असतो. त्यांना हाकलून उपयोग नाही, चार दिवसांत परत येतात. शे-दोनशे मीटरवर, उघड्या बाजूला, गाड्या लावायची बरी जागा करून दिली तर ते आपणहून सरकतात.

दिसण्याचं अंतरही मोजा. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी ४० च्या वेगाला थांबायला ४५ मीटर लागतात, ५० ला ६० मीटर. वळणाआड पडलेला दगड ३० मीटरवर दिसत असेल, तर आकाशातून दगड कुणाच्या टपावर पडायची गरजच नाही. पडून राहिलेलाच पुरतो. अशा वळणावर आतली झुडपं साफ करणं हे जाळीच्या शतांश खर्चातलं काम.

दगड किती जोरात, कुठून येणार

एक घनमीटर बेसाल्ट म्हणजे सुमारे २.८ टन. तो ३० मीटरवरून सरळ पडला तर खाली येईस्तोवर ताशी ८७ किलोमीटरचा वेग घेतो आणि त्याच्यात साधारण ८२५ किलोज्यूल ऊर्जा असते. २० किलोचा दगड २५ मीटरवरून आला तर ५ किलोज्यूलच्या आत, पण समोरच्या काचेला तेवढं पुष्कळ. या दोन दगडांना एकच उपाय असू शकत नाही.

वाट उतारावर ठरते. वॉशिंग्टन राज्यात आर्थर रिची यांनी कड्यांवरून दगड सोडून त्यांचं चित्रण केलं आणि १९६३ साली निष्कर्ष मांडले, ते आजही कामाला येतात. साधारण ७५ अंशांहून उभ्या कड्यावरून दगड सरळ पायथ्याशी पडतो. ४५ ते ७५ मध्ये तो उड्या मारत येतो आणि सगळ्यात लांब तोच जातो. ४५ च्या खाली घरंगळतो. म्हणजे अगदी उभा कडा भीतिदायक दिसला तरी मधल्या उताराचा कडा रस्त्याच्या दृष्टीने अवघड. आणि ८० अंशांच्या कड्याला मधेच एखादी अरुंद पायरी किंवा पुढे आलेला खडक असेल तर सरळ येणारा दगड तिथे आपटून बाहेर फेकला जातो. फोटोवर अशा जागा लाल खुणेने दाखवा.

आता संगणकावर दगडाची वाट काढणारी सॉफ्टवेअर्स आहेत. त्यात उताराचा छेद, दगडाचं वजन आणि पृष्ठभागाची उसळी द्यायची. शेकडो दगड सोडून बघायचे. उघड्या खडकावर दगड उसळतो, मुरमात किंवा झाडोऱ्यात मऊ बसतो. पण उसळीचा आकडा हवा तसा बदलला की उत्तरही हवं तसं येतं. म्हणून गटारात आणि रस्त्यापलीकडे खरोखर सापडलेल्या दगडांशी उत्तर जुळतं का ते बघा. जुळत नसेल तर दगड बरोबर आहेत, संगणक नाही.

उपाय: स्वस्तापासून महागाकडे

सुटे दगड मुद्दाम पाडणं हे पहिलं काम. वरून दोर सोडून माणसं खाली येतात आणि पहारीने, म्हणजे इथल्या बोलीत सब्बलने, हलणारे दगड सुटे करतात. नियम कडक हवेत. प्रत्येकाला दोन स्वतंत्र दोर, दोन वेगवेगळ्या बांधणीवर: एक कामाचा, एक जिवाचा. वरून खाली यायचं, खालून वर कधीच नाही. एका टोळीच्या खाली दुसरी टोळी नको. पाऊस पडून गेला असेल तर त्या दिवशी सुट्टी. वाहतूक १५-२० मिनिटांच्या टप्प्यांत थांबवायची. दोन्ही टोकांना वॉकी-टॉकी घेतलेला माणूस, आणि ‘रस्ता साफ’ हे शब्द एकाच ठरलेल्या माणसाने उच्चारायचे. डांबरावर अर्धा मीटर वाळू किंवा मुरूम पसरला तर रस्ता फुटत नाही आणि दगड उसळतही नाही. मोठा धोंडा पहारीने हलत नसेल तर सुरुंगाकडे धावू नका; भोकं पाडून फुगणारा रासायनिक गारा भरला की तो रात्रभरात आवाज न करता तडकतो.

सुरुंगाबद्दल दोन वाक्यं. आज जे कडे त्रास देतात त्यातले कितीतरी रस्ता रुंद करताना बेताल सुरुंग लावून खिळखिळे केलेले आहेत. नवीन कापणी असेल तर शेवटच्या रेषेत जवळजवळ भोकं घेऊन हलका, आधी फोडायचा सुरुंग लावावा, म्हणजे मागचा खडक शाबूत राहतो. भोकांचे अर्धगोल कड्यावर दिसत राहिले तर काम नीट झालं असं समजायचं.

दुसरा उपाय सगळ्यात दुर्लक्षित: कड्याच्या पायथ्याचा रुंद चर. जागा असेल तर यापेक्षा चांगलं काही नाही. ओरेगॉनमध्ये ११ हजारांहून जास्त दगड वेगवेगळ्या उंचीच्या आणि उताराच्या कापणींवरून सोडून त्यांनी २००१ साली मार्गदर्शिका काढली. त्यातली आपल्या उपयोगाची गोष्ट अशी: दगड आपटतो कुठे हे एक, आणि आपटल्यावर घरंगळत थांबतो कुठे हे दुसरं, दुसरं अंतर कितीतरी मोठं असतं. चराचा तळ सपाट ठेवण्याऐवजी डोंगराच्या दिशेने उतरता केला तर हे घरंगळणं झपाट्याने कमी होतं. तळात सैल खडी पसरली तर आणखी. रस्त्याच्या कडेला गॅबियनची, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या पेट्यांची, कमरेएवढी भिंत घातली की अरुंद चरही बरंच काम करतो. आपल्याकडे मात्र काय दिसतं? पायथ्याशी अर्ध्या मीटरचं काँक्रीटचं गटार, आणि त्याला लागून डांबर. ते पाण्याचं गटार आहे, दगडाचं नाही. रस्ता चौपदरी करताना आराखड्यातच कड्याकडे चार-पाच मीटर जास्त मागून घ्या. नंतर ते कुणी देत नाही.

तिसरा, खडक जागच्या जागी बांधणं. लोंबणाऱ्या काळ्या थराखालची झिजलेली पोकळी दगडी किंवा काँक्रीटच्या बांधकामाने भरून वरच्याला टेकू द्यायचा. आपल्या तांबड्या पट्ट्यासाठी मला हा उपाय सगळ्यात जास्त पटतो. त्या पट्ट्यावर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारता येतं, पण पाणी बाहेर यायची भोकं (वीप होल्स) ठेवूनच. पाणी कोंडलं तर वर्ष-दोन वर्षांत शॉटक्रीटची ढलपी मागच्या मातीसकट खाली येते, मग आपणच तयार केलेली दरड. सुट्या मोठ्या ठोकळ्यांना रॉकबोल्ट: २५ ते ३२ मिलिमीटरची सळई, सैल भाग ओलांडून पक्क्या खडकात पुरेशी रुतलेली, सहसा ३ ते ६ मीटर. ग्राउटमध्ये, म्हणजे सळईभोवती भरायच्या सिमेंटच्या गाऱ्यात, पाणी जास्त घालायचा मोह साइटवर सगळ्यांना होतो, कारण पंप सोपा चालतो. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या वर जाऊ देऊ नका. आणि ओढून बघण्याची चाचणी, आयएस ११३०९ या भारतीय मानकाप्रमाणे, तुम्ही निवडलेल्या बोल्टवर, तुमच्या डोळ्यांदेखत. ठेकेदाराने दाखवलेल्या बोल्टवर नाही.

आता जाळी. तिचे दोन प्रकार आहेत आणि निविदांमध्ये त्यांचा गोंधळ होतो. एक, माथ्यावर खडकात रुतवलेल्या सळयांवरून (अँकरवरून) पडद्यासारखी सोडलेली. ती दगड थांबवत नाही. जाळी आणि कडा यांच्यामधून सावकाश खाली आणून चरात सोडते. म्हणून ती खालून मोकळी हवी आणि खाली चर हवाच. खालचं टोक दोरखंडाने आवळून बांधलं की दगड तिथे साचतात, पोट फुगतं आणि एक दिवस सगळा भार माथ्याच्या अँकरवर येतो. हे अँकर कडेपासून मागे, पक्क्या खडकात घ्यायचे. दुहेरी पिळाची षटकोनी जाळी साधारण अर्ध्या-पाऊण मीटरच्या दगडापर्यंत ठीक. त्याहून मोठ्याला तारेच्या दोरखंडाची किंवा एकमेकींत अडकवलेल्या गोल लोखंडी कड्यांची जाळी. दुसरा प्रकार, दर दोन-तीन मीटरवर बोल्टने खडकाला आवळून धरलेली. ती दगडाला निघूच देत नाही. तारेला जस्त-अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा मागा. साधा जस्ताचा लवकर जातो.

उतार लांब असेल, दगड रस्त्यापासून दूरवरून येत असतील, तर सगळा डोंगर झाकणं परवडत नाही. तिथे मधे खांब रोवून लवचीक कुंपण. युरोपच्या चाचणी पद्धतीत त्याचे वर्ग १०० किलोज्यूलपासून २५०, ५००, १०००, १५००, २०००, ३०००, ४५०० आणि त्यावर असे आहेत, आणि चाचणीतला दगड सेकंदाला किमान २५ मीटर वेगाने आदळवतात. मघाचं ८२५ चं उत्तर आलं म्हणून १००० चं कुंपण मागवून मोकळं होऊ नका. वर्गाचा आकडा म्हणजे एकदाच झेलता येणारा जास्तीत जास्त मार. दुरुस्ती न करता दोनदा झेलायचा तर चाचणीत त्याच्या एक-तृतीयांशच धरतात. लागोपाठ दगड येणारी जागा असेल तर वर्ग त्या हिशेबाने निवडा. आणखी एक: कुंपण दगड झेलताना कित्येक मीटर खालच्या बाजूला ताणलं जातं. रस्त्याच्या कडेला चिकटून उभं केलं तर ते दगडासकट लेनमध्ये येईल.

शेवटचा उपाय कड्याखालून निघूनच जाणं. रस्त्यावर काँक्रीटचं छप्पर, किंवा बोगदा. समृद्धी महामार्गाचा इगतपुरीजवळचा जवळपास ८ किलोमीटरचा जुळा बोगदा जून २०२५ मध्ये खुला झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. इंदूर–इच्छापूर रस्त्याच्या चौपदरीकरणातही बोगदे आहेत. पण बोगदा म्हणजे सुटका असं समजू नये. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर १९ जुलै २०१५ ला आडोशी बोगद्याजवळ दगड पडून दोघांचा जीव गेला, त्यानंतर तिथे सुटे दगड काढून जाळ्या लावल्या. २३ जुलै २०२३ च्या रात्री त्याच परिसरात पुन्हा दरड आली. बोगद्याचं तोंड हे सगळ्यात उंच कापणीचं ठिकाण असतं. तिथे पुढे काढलेलं छप्पर आणि वरचा चर बोगद्याच्याच अंदाजपत्रकात बसवा.

काम होईपर्यंत, आणि झाल्यावर

कोकण रेल्वेवर वैभववाडीजवळ २२ जून २००३ ला रुळांवर आलेल्या धोंड्यांमुळे गाडी घसरली आणि ५० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर त्यांनी कापण्या रुंद केल्या, जाळ्या लावल्या, हे झालंच. पण पावसाळी वेळापत्रक, कमी वेग आणि रात्रंदिवस फिरणारे गस्तवाले हे त्यांचं रोजचं संरक्षण आहे. रस्त्यावर आपण यातलं काहीच करत नाही. ‘सावधान, दरडप्रवण क्षेत्र’ असा गंजका फलक लावतो. त्या फलकाने ड्रायव्हरने काय करायचं? त्याऐवजी ‘पुढे ६०० मीटर थांबू नका’ असं लिहा, हिंदीतही लिहा, आणि रात्री दिसेल असं लिहा. घाटात एक साधं पर्जन्यमापक ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांच्या नोंदी झाल्या की किती पावसानंतर दगड येतात याचा तुमच्या घाटापुरता आकडा मिळतो; मग तेवढा पाऊस झाला की गस्त दुप्पट करायची आणि कड्याकडची लेन बंद करायची. राष्ट्रीय महामार्गावर दगड दिसला तर प्रवाशांनी १०३३ वर कळवायचं असतं, हा आकडा घाटाच्या दोन्ही टोकांना मोठ्या अक्षरांत हवा.

देखभालीचं वेळापत्रक माळव्याच्या ऋतूंप्रमाणे लावा. पाऊस ओसरला की ऑक्टोबरमध्ये पूर्ण पाहणी, कारण तेव्हा ताजे चट्टे दिसतात आणि झिरपणंही चालू असतं. दोरावरचं काम, बोल्ट, ग्राउट हे नोव्हेंबर ते मार्च. एप्रिल-मेमध्ये माथ्याचे चर आणि काळ्या मातीच्या भेगा. जूनच्या पहिल्या आठवड्यात चर रिकामे, पाइप मोकळे, कुंपणातले अडकलेले दगड काढलेले. भरलेला चर हा चर नसून उडी मारायची फळी असते, दगड त्यावरून थेट रस्त्यावर जातो. कुंपणात ब्रेकचं काम करणारे धातूचे घटक असतात. एकदा ताणले की ते बदलावे लागतात, सरळ करून परत लावता येत नाहीत. म्हणून निविदेतच दोन-चार जादा संच आणि पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या. नाहीतर तो सुटा भाग परदेशातून येईस्तोवर पावसाळा निघून जातो.

एक वही ठेवा. तारीख, वेळ, साखळी, दगडाचं माप, आदल्या चोवीस तासांचा पाऊस, फोटो क्रमांक. बदली झाली की ती वही पुढच्याच्या हातात सही घेऊन द्या, कपाटात ठेवून जाऊ नका.